उद्याचं आवतन

आदिलाबादजवळच्या आमच्या बोथ गावाच्या चौकात आमची चार जणांची चहाची बैठक असते. कापूस, पाऊस, भाव हे विषय संपले की कुणीतरी माझ्याकडे वळून विचारतोच, "काय म्हनते सुमित?" सुमित म्हणजे माझा एकुलता एक मुलगा. तेवीस वर्षांचा आहे, बी.कॉम. झालाय. त्याचे किस्से मी काही मुद्दाम जमवत नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात जुने दोर साठतात तसे ते साठत जातात. आधी मंडळी पोट धरून हसायची. हल्ली मधेच एखादा हसायचा थांबतो आणि कपातल्या चहाकडे बघत बसतो. ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी असतंच.

*

एकदा त्याला डेअरीवर दूध घालायला पाठवलं. बऱ्याच वेळानं परत आला तो हाताला काळं ग्रीस आणि चेहऱ्यावर समाधान घेऊन. वाटेत शाळेतल्या मास्तरांची स्कूटर बंद पडली होती. यानं प्लग काढला, साफ केला, गाडी सुरू करून दिली. मास्तर खूश, हा खूश. मी पाहतो तर दुधाची कॅन सायकलच्या हँडलला तशीच लटकलेली.

"अन् दूध?"

"हो ना, तेच देऊन येतो," म्हणत तो सायकल वळवायला लागला.

डेअरी केव्हाच बंद झाली होती आणि दूध नासलं होतं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्यात साखर घालून कलाकंद आटवला. सुमितनं दोन वाट्या खाल्ल्या आणि विचारलं, "आई, आज काय हाय? काऊन केलं एवढं गोड?"

*

आदिलाबादला एका ऑफिसात त्याचा इंटरव्ह्यू होता. पहाटेच उठला, स्वतःहून. मला वाटलं, चला, पोरगं लागलं मार्गाला. सकाळची बस चौकातून गेली तरी हा घरातच. आत जाऊन पाहिलं. पँटच्या एका पायाला कडक इस्त्री, दुसरा पाय चुरगळलेलाच. मोजे शोधायला त्यानं पेटी उघडली होती, पेटीत जुना रेडिओ सापडला होता, आणि रेडिओ आता जमिनीवर उघडा पडला होता. सुमित त्याच्या शेजारी बसून रडत होता. एवढा दाढी-मिशांचा माणूस.

"बाबा, मले सगळं समजते. काय काय कराचं हाय तेबी माहीत हाय. पन पयले काय करू, तेच कयत नाई."

मला फार राग आला होता. हे वाक्य ऐकलं आणि तो कुठे गेला कळलंच नाही. मी पण खाली बसलो. मग आम्ही दोघांनी मिळून तो रेडिओ जोडला.

*

त्यानंतर आम्ही त्याला एका डॉक्टरांकडे नेलं. ते तेलुगू, पण हिंदीत छान समजावून सांगत होते. म्हणाले, मुलगा हुशार आहे. पण काम सुरू करणं, एकामागून एक लावून घेणं, वेळेचा अंदाज ठेवणं, हे जे आपल्या डोक्यात आपोआप होतं ते याच्या डोक्यात होत नाही. या आपोआप होण्याला त्यांनी एक इंग्रजी नावही सांगितलं, एक्झिक्युटिव्ह फंक्शन.

नावाशी सुनंदाला काही देणंघेणं नव्हतं. तिनं एकच विचारलं, "मतलब आलसी नहीं ना?"

"नहीं अम्मा. बिलकुल नहीं."

तिनं लगेच माझ्या खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "मग हेच एकडाव यायच्या भावाले फोनवर सांगा."

माझा भाऊ दर सणाला येऊन सुमितला ऐदी म्हणतो. डॉक्टर हसले. सुनंदा हसली नाही. तिनं नंबर लावायला घेतला होता.

*

मग अलार्मचा प्रयोग झाला. सुमितनं स्वतःच मोबाइलमध्ये अलार्म लावले. उठायचा, अंघोळीचा, बैलांना पाणी पाजायचा, जेवायचा. दिवसभर आमच्या घरात देवळासारखी घंटा वाजत होती. तो प्रत्येक अलार्म मन लावून बंद करायचा आणि आधी जे करत होता तेच पुढे करायचा. आठवडाभरात फरक पडला तो बैलांना. अलार्म वाजला की ते पाण्यासाठी हंबरायला लागले.

*

उपाय शेवटी सुनंदालाच सापडला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून कातडं निबर झालेलं असतं, त्याला हळद आणि लोणी चोळायचं आणि बैलाला सणाचं आमंत्रण द्यायचं: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शाळेत असल्यापासून हे काम सुमितचं. तो सगळं विसरला, पण हे एकदाही विसरला नाही.

मागच्या पोळ्याला खांदे मळून तो बाजेवर येऊन बसला. सुनंदाच्या बोटांना थोडं लोणी लागलेलं होतं. काय वाटलं तिला कोण जाणे, ते तिनं त्याच्या खांद्याला चोळलं आणि म्हणाली, "आज आवतन घे, परवा गिरनीत जाऊन ये."

"मी काय बैल हाय का, आई?"

"जू त तुह्याबी खांद्यावर हायच ना, बापा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो उठला, ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेला आणि पीठ घेऊन परत आला. सायकल गिरणीतच राहिली, डबा डोक्यावर घेऊन पायी आला. पण पीठ आलं! सुनंदानं त्या पिठाची पहिली भाकर त्याला वाढली आणि चुलीकडे तोंड करून डोळे पुसले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक आवतन. खांद्यावर हात ठेवून एकच काम सांगायचं. दोन सांगितली की गडबड होते. नुसतं मी सांगितलं तर जमत नाही, तिचाच हात लागतो.

बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. पण घरी सुनंदा एकदा भाकर थापता थापता थांबली आणि म्हणाली, "आपल्यामागं याले आवतन कोन देईन वो?" मला त्या दिवसापासून नीट झोप लागत नाही, हेही सांगून टाकतो.

*

यंदा पोळ्याच्या तोंडावरच सुनंदाच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. मोतीबिंदू होता, आदिलाबादला एक रात्र राहायचं होतं. सुमित पहिल्यांदाच घरी एकटा. निघताना ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आज आवतन घे, बैलायले पानी पाज." पण दुसऱ्या दिवशीचं काय? खांदेमळणी तर दुसऱ्या दिवशी होती. ती तो कधी विसरला नव्हता, पण घरात कुणी नसताना त्यानं ती कधी केलीही नव्हती.

दवाखान्यातून फोनवर आवतन द्यावं म्हटलं, तर त्याचा फोन बंद. चार्जर लावला असेल आणि बटण दाबायचं राहिलं असेल, हे मला तिथूनच दिसत होतं. शेवटी शेजारच्या विठ्ठलरावांना फोन करून सांगितलं, खांदे तेवढे मळून टाका.

संध्याकाळी बसमधून उतरलो. सुनंदाच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं तिला आधीच कमी दिसतं. मी तिचा हात धरून चालत होतो. विठ्ठलराव त्यांच्या ओट्यावरच बसले होते.

"गेल्तो मी. पोरगं म्हने, काका, तुमी जा."

आम्ही पावलं उचलली. गोठ्याच्या कुडाशी आलो तर आतून सुमितचा आवाज आला. सुनंदानं माझा हात दाबून मला थांबवलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे थोरल्या बैलाला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे धाकट्याला.

मी कुडाच्या फटीतून पाहिलं. सुमितनं वाटीतलं उरलेलं लोणी बोटांनी निपटून घेतलं, सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि आपला उजवा हात आपल्याच डाव्या खांद्यावर ठेवला.

"आज आवतन घे. उद्या सकायी बैल धुवाचे हाय."

सुनंदाला यातलं काही दिसत नव्हतं. ती कान देऊन उभी होती.

"बैल त दोनच हायेत आपले," ती हळूच म्हणाली. "हे तिसरं कोनाले देल्लं?"