आठवी ‘ब’मधले मेश्राम सर

तास सुरू झाला की मेश्राम सर दारात येऊन मलाच विचारायचे, “येऊ का, बाई?” मी मान हलवली की वही घेऊन शेवटच्या बाकावर मुलांशेजारी बसायचे. सर छप्पन्न वर्षांचे, मी तेवीस. नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलेलं. सत्तरच्या दशकात नवा अभ्यासक्रम आला. त्यातलं संचांचं गणित मी कॉलेजात शिकले होते, म्हणून आठवी ‘ब’ माझ्याकडे. नोकरी अजून कच्ची होती. सर वहीत काहीबाही लिहीत. हे सगळं हेडमास्तरांकडे जाणार, याची मला खात्रीच होती.

एकदा मी म्हणाले, “रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो.”

सरांनी हात वर करून कारण विचारलं. “काहून, बाई? ज्याच्यात काहीच नाही, तो सगळ्याइच्या आत कसा?”

“पुस्तकात तसंच दिलंय,” मी कशीबशी म्हणाले. सरांनी लगेच वहीत लिहिलं. मला वाटलं, गेली नोकरी.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. “सर, मला खरंच उत्तर येत नाही. पण हेडमास्तरांना सांगू नका.”

सर वही उघडत म्हणाले, “अवं बाई, त्याइले काय सांगू? पुढच्या साली मले हेच शिकवाचं हाये, अन् मले येत नाही. म्हणून तं शिकून राहिलो.” त्यांनी वही पुढे केली. पानभर माझीच उदाहरणं, आणि खाली एकच शब्द : काहून? कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगून टाकलं, “कालचं उत्तर मला आलं नव्हतं. आपण मिळून शोधू.” कुणी हसलं नाही. सर उठले. आपली कापडी पिशवी त्यांनी टेबलावर रिकामी केली. डबा, खडू, चष्म्याचं घर बाजूला सारलं आणि पिशवीशेजारी माझी भरलेली पर्स ठेवली.

“सांगा, या पिशवीत असं काय हाये, जे पर्समंधी नाही?”

कधीच न बोलणारी पुष्पा पुटपुटली, “काहीच नाही.”

“झालं तं मंग! बाहेरचं काहीच नाही, म्हंजे रिकामा संच आतच!” सर केवढ्यांदा ओरडले! पुष्पा त्या दिवसापासून जी प्रश्न विचारू लागली, ती वर्ष संपेपर्यंत. माझी नोकरीही कायम झाली.

पुढच्या वर्षी, निवृत्तीला एकच वर्ष उरलं असताना, सरांनी आठवी मागून घेतली. मी म्हटलं, “एका वर्षासाठी एवढा खटाटोप कशाला, सर?”

“एक वर्ष म्हंजे साठ पोरं हायेत ना, बाई,” ते म्हणाले आणि वर्गावर गेले.