काकूंचा हयातीपुरता हक्क

स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी राहणारी, आणि वर त्याचा अभिमान बाळगणारी बाई साऱ्या गिरगावात एकच होती. ती खोताच्या वाडीत आमच्या समोर राहायची. आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो. काकूंचे यजमान एका सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मूलबाळ नव्हतं. जाताना त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की घर बायकोनं हयातभर वापरावं, विकू नये, आणि तिच्यामागे ते नागपूरच्या पुतण्याला मिळावं. दुसरी एखादी ते वाचून रडली असती. काकूंनी ते पाठ केलं. "मी मालकीण नव्हे हो, माझा हयातीपुरता हक्क," असं त्या नव्या भाजीवालीलासुद्धा सांगायच्या, आणि ती बिचारी चार काड्या कोथिंबीर जास्त घालून काढता पाय घ्यायची.

त्यांच्या घरात एकही नवा खिळा नव्हता. यजमानांची तसबीर टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. का, तर "तसबीर माझी, भिंत पुतण्याची." परसात नीरफणसाचं झाड होतं. फळं काकू वाडीभर वाटत, पण झाडाला कुणी हात लावलेला खपत नसे. त्याची एक फांदी घरावरून वाढत, बोळ ओलांडून आमच्या गॅलरीत शिरली, तेव्हा वडिलांनी कुणाला न विचारता ती छाटली. तासाभरात काकू कागद-दौत घेऊन हजर. "भाऊ, पुतण्याला कळवायला हवं. मी मजकूर सांगते, तुम्ही लिहा आणि खाली सही करा." वडील सचिवालयात होते, रोज दहा जणांना सह्या करायला लावायचे. त्या दिवशी त्यांनी निमूटपणे एका फांदीबद्दल माफी मागितली. ज्या पुतण्याला आम्ही कधी पाहिलंही नव्हतं, त्याची!

पुढे बायकांना वारशात पूर्ण मालकी देणारा नवा कायदा आला. वडील वर्तमानपत्र नाचवत समोर गेले. "काकू, पेढे काढा! आता घर तुमचंच."

काकूंनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली आणि कागद परत केला. "ज्यांना मृत्युपत्रानं हयातीपुरतंच दिलंय, त्यांना हे लागू नाही, भाऊ." मग म्हणाल्या, "आणि असतं, तरी ह्यांनी विश्वासानं लिहिलंय ना?" वडील खटला हरलेल्या अशिलासारखे घरी परतले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. एका दुपारी मी काकूंना पेपर वाचून दाखवत होते. मी तेव्हा कॉलेजात होते. हमरस्त्यावर मोर्चा होता. एकाएकी पळापळ ऐकू आली, अश्रुधुरानं डोळे चुरचुरायला लागले आणि तीन तरुण धापा टाकत थेट आत आले. एकाच्या कपाळातून रक्त येत होतं. काकूंनी काही विचारलं नाही. नुसतं परसाकडे बोट दाखवलं. ते तिकडे वळतात न वळतात तोच दारात फौजदार उभा.

"बाई, हे घर तुमचं का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग कोणाचं?"

"ते जरा समजावून सांगावं लागेल. बसा."

फौजदार बसला नाही, पण काकूंनी सुरुवात केली. मृत्युपत्र, हयात, पुतण्या. खालच्या खोलीत भाडेकरू, त्याचा ताबा वेगळा. परस पुतण्याचं, पण त्यातून पलीकडच्या मिंगेलच्या घराला जायची जुनी वहिवाट. "तेव्हा तिथून कोण येतं, कोण जातं, हे विचारायचा मला अधिकारच नाही बघा."

"मागचं दार उघडा!" फौजदार ओरडला.

"ते वहिवाटीचं दार. मला ते लावताच येत नाही, तर उघडू काय?"

फौजदारानं टोपी काढून घाम पुसला. तो परसात गेला तेव्हा तिथे नीरफणसाखाली मिंगेलकाका शांतपणे कोंबड्यांना दाणे घालत होते. पोरं केव्हाच त्यांच्या घरातून पलीकडच्या गल्लीत निघून गेली होती.

पोलिस गेल्यावर मी टाळ्या पिटल्या. काकू मात्र मटकन खाली बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं.

"मी खोटं नाही ना गं बोलले?"

"एक शब्दही नाही, काकू."

"ह्यांना खोटं आवडायचं नाही," म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला. अश्रुधुराचं निमित्त होतंच.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. वाडीत कंदील लागले, ते मी उशाशी बसून त्यांना सांगितलं.

"मुंबई मिळाली?"

"मिळाली."

"कायमची ना?"

"कायमची, काकू."

"मग बरं," म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या. त्या पावसाळ्यात गेल्या.

पुतण्या आला. आम्हाला वाटलं, येईल तो कुलपं आणि दलाल घेऊनच. पण तो टक्कल पडलेला एक साधा मास्तर निघाला. तेराव्याच्या आदल्या दिवशी तो संकोचत आमच्याकडे आला आणि आईला म्हणाला, "वहिनी, उद्या पानात काकूंच्या आवडीचं काहीतरी करावं म्हणतो. त्यांना काय आवडायचं?"

आई तीस वर्षं काकूंच्या समोर राहिली होती. तिनं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी माझ्याकडे. शेवटी आईनं आतून एक पाट आणला, त्याला बसायला दिला आणि म्हणाली, "बसा भाऊ. आठवून बघू या."