पंपाची चूक

सुकदेव नाना आपण बसवलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करताना पायातल्या चपला काढून ठेवत. ऑइलने काळ्या झालेल्या जमिनीवर अनवाणी उभे राहत, खिडकीतून हात घालत आणि चावी फिरवत. एकदा मला हसू आलं. म्हणाले, "इंजिनले नही समजत, गुरुजी. माले समजस."

धुळ्यात हायवेपासून थोडं आत, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. काम फक्त इंजिनाचं. गिऱ्हाईक मागे लागलं की हातातला पाना खाली ठेवून विचारत, "घाई शे का? मंग उद्या या." लोक चिडत, पण दुसऱ्या दिवशी यायचेच. मी भेटलो की नाना लांबूनच हात जोडत, म्हणजे मला ऑइल लागू नये, आणि "जयभीम, गुरुजी" म्हणत. शाळा त्यांची सातवीत सुटली होती. मास्तर माणसाबद्दल त्यांना जो आदर होता, तो मला कधीच पेलला नाही.

आम्ही पाच शिक्षक शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत एका जुन्या जीपने जात असू. जीप माझ्या नावावर, पण कारभार सगळ्यांचा. तिचं इंजिन जाम झालं, तेव्हा नानांनी माझ्याबरोबर जळगावला येऊन भंगारातून एक चांगलं इंजिन निवडलं. टेम्पोत चढवताना त्याचा ऑइल प्रेशरचा स्विच तुटला. ऑइलचा दाब कमी झाला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावणारा, अंगठ्याएवढा भाग. मी दोन दिवस जळगावातच सासुरवाडीला थांबणार होतो, म्हणून नवा स्विच आणायचं मी अंगावर घेतलं. नानांनी टेम्पोतून वाकून बजावलं, "दिव्याचा सांगा. मीटरमधल्या काट्याचा वेगळा येस."

दुकानदारानेही तेच विचारलं होतं. "दिव्याचा देऊ की काट्याचा?" बस सुटायला आली होती, कानाला फोन होता. "जो असेल तो द्या," मी म्हणालो.

इंजिन बसलं. नानांनी चपला काढल्या, चावी फिरवली. आवाज सुरेख आला, पण लाल दिवा विझेना. रेस दिली की मंद होई, सोडली की पुन्हा लाल. दमलेल्या इंजिनात होतं अगदी तसंच. नानांनी स्विचची वायर काढली, तर दिवा गेला. म्हणजे वायर ठीक होती. राहिलं काय, तर स्विच किंवा आतला दाब.

"गुरुजी, स्विच दिव्यानाच लयना ना?"

पाटील सरांसह माझे चारही सहकारी भोवती उभे होते. आठवडाभर एसटीने धक्के खाऊन वैतागलेले. "हो," मी म्हणालो.

नानांनी पुन्हा विचारलं नाही. पाटील सर म्हणाले, "नाना, बल्बच काढून टाका ना!" नाना म्हणाले, "मंग डोयाबी फोडा, म्हंजे काहीच दिसाव नही." आणि गोणपाट टाकून ते जीपखाली शिरले. ऑइलचा पॅन उतरवला, पंप खोलला, बेअरिंगं तपासली. सगळं ठाकठीक. पुन्हा जोडलं, दिवा तसाच. पुन्हा खोललं. त्यांच्या दुखऱ्या कमरेला पट्टा होता. बाहेर येताना ते जीपच्या चाकाला धरून उठत, आणि मी त्यांना हात देत असे. त्या चार दिवसांत रोज वाटायचं, सांगावं. रोज कुणीतरी सहकारी बाजूला असायचा.

पाचव्या दिवशी त्यांनी कुठूनसं दाब मोजायचं मीटर आणून लावलं. दाब भरपूर होता. त्यांनी स्विच काढला, उजेडात धरून उलटसुलट पाहिला, आणि माझ्याकडे बघितलं. बस, एवढंच. स्वतः जाऊन दुसरा आणला. दिवा विझला.

संध्याकाळी पाटील सरांनी विचारलं, "शेवटी होतं काय, नाना?"

"पंप," नाना म्हणाले. "मनीच चूक व्हती. नीट बसेल नव्हता."

सगळे गेल्यावर मी कसाबसा म्हणालो, "नाना, तुम्ही असं का..." त्यांनी तो काट्याचा स्विच कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तुम्हले रोज त्यासनासंगे बसनं शे, गुरुजी. मी आठे एकलाच शे."

पण या धंद्यातलं जग लहान. नानांना आता पंपही बसवता येत नाही, ही गोष्ट आमच्या स्टाफरूममधून निघाली आणि मेकॅनिक-ड्रायव्हरांच्या लायनीत पोहोचली. स्टाफरूममध्ये ती रंगायची, तेव्हा मी तिथेच बसलेलो असायचो. शेडमधली गर्दी हळूहळू कमी झाली. वर्षभरात शेडला कुलूप लागलं. नाना दारात खुर्ची टाकून बसू लागले. मी गेलो की शाळेतल्या पोरांचंच विचारत. मागच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी मी अक्कांना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेलो. वाटेत ठरवूनच गेलो होतो. चहा पुढे आला, मी तो घेतला नाही. सगळं सांगितलं. दुकान, बस, माझं 'हो', सगळं. वाटलं होतं, नानांनी घरात तरी खरं सांगितलं असेल.

अक्कांनी चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "आमले तर पंपच सांगं त्यासनी."

मी मान वर केली नाही.

"त्यासना हात थरथरस, आते चुका व्हतीस, आसं मालेबी वाटनं. ते नको नको म्हनेत. मीच कुलूप लावाले सांगं, गुरुजी. मीच त्यासले घर बसाडं."

पदर तोंडाशी धरून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे त्यासना हात बराबर व्हता ना?"

"हो अक्का," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."