लागलं तर मागून घ्या

रामेश्वरला लोक पापं धुवायला जातात. आम्ही दोघं जेवायला गेलो होतो. आता या वयात हे उघड लिहायला हरकत नाही. तेव्हा वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत 'यात्रेला चाललो' एवढंच सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर शेजारणींनी तोंडात बोटं घातली असती.

माझं माहेर वाईचं आणि सासर तंजावरकडचं. कधीकाळी राजाबरोबर दक्षिणेत उतरलेलं घराणं. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात निम्मे शब्द तमिळ आणि उरलेले पणजोबांच्या काळचे. लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा पहिले सहा महिने मी नुसती हसून मान डोलवत असे. हे, म्हणजे माझे यजमान, बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होते. अंगानं बेताचे, बोलायला त्याहून बेताचे. पण खाण्याच्या बाबतीत यांचा हात धरणारा अख्ख्या मांबलमात कोणी नव्हता. ऑफिसातून येताना लोक डब्यात भाजी राहिली का पाहतात, यांच्या डब्याच्या झाकणाला लागलेलंसुद्धा काही उरत नसे.

स्वयंपाक सासूबाईंचा असे. चिरणं, वाटणं, निवडणं माझ्याकडे. चुलीपाशी त्या आणि वाढायलाही त्याच. केळीच्या पानावरचा हिरवा रंग दिसला रे दिसला की त्यांची पळी तिथे पोचलीच. त्यांचा मुलगा दोन्ही हात पानावर आडवे धरून "पोदुम, आई, पोदुम" म्हणजे पुरे, पुरे म्हणून ओरडायचा आणि सासूबाई हातांच्या फटीतून भात सोडायच्या. पहिले दोन पोदुम खोटे आणि तिसरा खरा, असा त्यांचा नियम होता. मला हे सगळं भयंकर वाटे. माझे वडील शाळामास्तर; पानात टाकणं त्यांच्या लेखी चोरीच्या खालोखाल. आमच्याकडे आधी बेताचं वाढायचं आणि म्हणायचं, "सावकाश होऊ द्या, लागलं तर मागून घ्या." यात मला माणसाचा मान वाटे. सासूबाईंचा तो आग्रह मी मनातल्या मनात नासाडीत जमा केला होता, आणि आपल्या हाती पळी आली की हे कसं बंद करायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

पळी हाती आली ती फार लवकर आली. चार दिवसांच्या तापात सासूबाई गेल्या. दिवसवार उरकल्यावर हे थोरल्या दिरांबरोबर गयेला जाऊन आले. गयेला आईबापांचं पिंडदान करून आपली आवड सोडून यायची असते, एक भाजी, एक फळ, एक पान. लोक लबाड असतात. यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी तर कारलं सोडलं होतं, जे त्यांनी जन्मात तोंडात घातलं नव्हतं. यांनी काय सोडलं ते विचारलं तेव्हा हे म्हणाले, "पडवळ." पडवळ यांना आवडत नाही हे मला ठाऊक होतं. मी हसले आणि विषय तिथेच संपला.

त्यानंतर यांचं जेवण आटलं. मी पहिल्यांदा वाढलेलं निमूटपणे खायचं, बोटं चाटायची आणि बसून राहायचं. "आणखी वाढू?" म्हटलं की "पोदुम." भात वाढू? पोदुम. ताक तरी घ्या? पोदुम. आणि उठायचे. दोन्ही हात आडवे धरणं नाही, ओरडणं नाही. आईच्या दुःखाने अन्न गोड लागत नसेल म्हणून महिना-दोन महिने मी गप्प राहिले. पण सहा महिने झाले, आठ झाले. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल फिरायला लागली. ऑफिसातून आलेल्या एका मित्राने तर मला दारातच विचारलं, "वहिनी, यांना काही आजार आहे का?" मी रात्रंदिवस एकच विचार करत होते. माझ्या हाताला चव नाही. सासूबाई होत्या तोवर जेवणावर ताव मारणारा माणूस माझ्या हातचं खाऊन वाळत चालला होता, आणि सभ्य असल्यामुळे बोलत नव्हता. मी चिंच वाढवली, कमी केली, खोबरं जास्त घातलं, वाईहून काळा मसाला मागवला. उपयोग शून्य. एकदा रागाने मीठच घातलं नाही. तेही यांनी खाल्लं आणि म्हणाले, "पोदुम."

शेवटी मी यांना डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली आणि काही झालेलं नाही म्हणाले. हवापालट करा, समुद्राकडे जा. समुद्र मद्रासला काय कमी होता? पण रामेश्वरला बेटावर आमच्या घराण्याचे उपाध्ये होते. तिथले कितीतरी पुजारी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच, आणि उपाध्यांच्या घरच्या मामींच्या हातची सासूबाई फार तारीफ करत. मी मनाशी पक्कं केलं. या मामींच्या हातचं यांना खाऊ घालायचं. खाल्लं नाही तर आजार यांचा. खाल्लं तर दोष माझा. एकदाचा निकाल लागू दे.

उन्हाळा होता. मांबलमहून एग्मोरला आणि एग्मोरहून रामेश्वरच्या गाडीने निघालो. दुसऱ्या दिवशी पांबनचा पूल आला आणि गाडी पाय मोजून टाकावेत तशी चालू लागली. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, खाली हिरवं आणि लांब गेलं की निळं. डब्यातले सगळे हात जोडून बसले होते. हे खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, "अग, ताडगोळे!" पलीकडच्या वाळूत ताडाची झाडं दिसायला लागली होती. वर्षभरात यांच्या तोंडून खाण्याचं नाव पहिल्यांदाच ऐकलं.

उपाध्यांचं घर देवळाच्या मागच्या रस्त्यावर होतं. मामी साठीच्या, बुटक्या, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला. आम्ही बावीस तीर्थांवर अंघोळी करून, ओलेत्याने थरथरत दर्शन उरकून आलो तेव्हा पानं मांडलेली होती. रसवांगी होती, म्हणजे चिंच, डाळ आणि ओलं खोबरं घालून केलेली वांगी. डांगराची पचडी होती, शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. हे बसले आणि जेवले. कसे जेवले म्हणून सांगू! तीनदा भात, चारदा रसवांगी, आणि दोन्ही हात पानावर आडवे धरून "पोदुम मामी, पोदुम!" म्हणून तेच ओरडणं. मी समोर बसून पाहत होते. आनंदाने रडू येत होतं आणि त्याच वेळी मामींची पळी हिसकावून समुद्रात फेकावी असंही वाटत होतं. निकाल लागला होता. दोष माझाच होता.

पुढचे तीन दिवस आम्ही नुसते खात हिंडलो. सकाळी ऊन चढायच्या आत वाळूतून चालत जायचं. एक ताडी काढणारा गृहस्थ झाडावरून उतरून ताडाच्या पानाचा द्रोण हातात देई आणि त्यात मडक्यातली गोड नीरा ओती. द्रोण पुढे असेपर्यंत तो ओततच राही. नको असेल तर द्रोण उलटा करायचा. हे चार-चार द्रोण पीत. मग ताडगोळे, अंगठ्याने फोडून, पाणी कोपरापर्यंत ओघळत. घरी येऊन ताडगुळाची कॉफी. या बेटाचे उपकार मी कसे विसरेन? यांचे गाल मला रोज थोडे भरल्यासारखे वाटायला लागले. दुपारी हे झोपले की मी मामींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसे आणि प्रत्येक पदार्थाचं माप विचारी. मामी सांगत. ऐकून मी गोंधळात पडे, कारण त्यात वेगळं असं काहीच नव्हतं. चिंच तेवढीच, खोबरं तेवढंच. धने, मिरी, हरभऱ्याची डाळ, सगळं सासूबाईंनी शिकवलेलं तेच.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामी, आज स्वयंपाक मी करते. यांना सांगायचं नाही." मामी म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं, "कर की." मी अंघोळ करून, सोवळ्याने, पहिल्या चिमटीपासून शेवटच्या फोडणीपर्यंत सगळं एकटीने केलं. कोणालाही हात लावू दिला नाही. पण वाढायची वेळ आली तेव्हा मामी पळी देईनात. पाहुण्याला घरच्या बाईने वाढायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. मी दाराआड उभी राहिले, पदराचं टोक दातात धरून.

हे जेवले. रसवांगी चारदा घेतली. दोन्ही हात आडवे धरले. मामींनी फटीतून सोडली, आणि यांनी तीही खाल्ली.

मामी हसून म्हणाल्या, "रसवांगी कशी जाहली?"

"छान जाहली, मामी."

"तुझ्या बायकोने केलीय. सगळाच स्वयंपाक तिचा."

यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मज ठाऊक आहे. वर्षभर हीच खातोय. पोटभर मात्र आज मिळाली."

मी दाराआडून तशीच बाहेर आले. उपाध्ये जेवत होते, मामी उभ्या होत्या, त्याचीही मला शुद्ध राहिली नाही. "मग मागायला काय तोंड शिवलं होतं तुमचं?" मी म्हटलं. "रोज विचारत नव्हते मी? आणखी वाढू म्हणून?" हे उठून हात धुवायला गेले. मामींनी मला आत नेलं, पाटावर बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "पुसायचं काय त्यात, पोरी? वाढायचं. भूक पुसून कळते होय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सेतुस्नानाला धनुष्कोडीला गेलो. पुढे वादळात ते गाव गेलं, पण तेव्हा तिथे स्टेशन होतं, दुकानं होती, माणसं होती. एका बाजूला शांत समुद्र, दुसऱ्या बाजूला खवळलेला आणि मध्ये वाळूची जीभ. स्नान झाल्यावर हे ओल्या धोतराने वाळूत बसले आणि बोटाने रेघा ओढत बोलायला लागले. एरवी महिनाभरात बोलत नसतील तेवढं बोलले.

गयेला पिंड ठेवताना तिथल्या ब्राह्मणाने आवड सोडा म्हणून सांगितलं. तोंडाने हे पडवळ म्हणाले, पण लगेच लाज वाटली. आईला फसवल्यासारखं झालं. मग डोळे मिटून मनात शोधलं की आपल्याला सर्वांत जास्त काय आवडतं. वांगं नाही, फणस नाही. आईने न मागता वाढलेलं आवडतं. ते तर आता गेलंच होतं, सोडणार काय? म्हणून यांनी मागणं सोडलं. यापुढे अन्न कोणाकडे मागायचं नाही. मनात सोडलेलं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मला सांगितलं नाही.

"मी वाढू का म्हणत होते तेव्हा नुसतं हो म्हणायचं," मी म्हटलं.

"हो म्हणणं म्हणजे मागणंच की ग."

माझं 'लागलं तर मागून घ्या' आणि यांचं न मागणं, या दोहोंच्या मध्ये हा माणूस वर्षभर अर्धपोटी जेवून उठला होता, आणि मी चिंचेला दोष देत बसले होते. मला यांचा राग आला, स्वतःचा आला, आणि मग सासूबाईंची इतकी आठवण आली की मी तिथेच वाळूत रडले. त्यांची ती फटीतून सुटणारी पळी नासाडी नव्हती. आपल्या मुलाला तोंड उघडून मागता येत नाही हे त्या माउलीला ठाऊक होतं.

आणखी दोन दिवस राहून, मामींच्या पाया पडून, ताडगुळाच्या ढेपी बांधून आम्ही परतलो. मांबलमला आल्या दिवशी मी भात वाढला, आमटी वाढली आणि पानापाशीच उभी राहिले. हिरवा रंग दिसला की वाढत गेले. एक शब्द विचारला नाही. यांनी हात आडवे धरले, "पोदुम" म्हणाले. मी तिसऱ्या पोदुमला थांबले नाही, पाचव्यापर्यंत गेले. सदऱ्याची कॉलर दोन महिन्यांत जागेवर आली. यांनी शेवटपर्यंत कोणाकडे काही मागितलं नाही, आणि मी शेवटपर्यंत विचारलं नाही. देवाने एवढं माझ्याकडून नीट करून घेतलं याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

पण खरी गोष्ट त्यानंतरच्या एका रविवारची आहे. हे जेवून उठले. मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात स्वतःचं पान घेऊन उरलंसुरलं वाढून घ्यायला बसले. एवढ्यात हे आत आले. हात धुतलेले, धोतर वर खोचलेलं. माझ्या हातातली पळी घेतली आणि म्हणाले, "तू बस." पुरुषाने वाढायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं आणि यांनाही नव्हतं. भात पानाच्या मधोमध ओतला, रसम त्याच्यावर न थांबता जमिनीवर धावलं, भाजी भाताखाली गेली. मी आल्यापासून या घरात मला कोणी वाढलं नव्हतं. सासूबाई माझ्याआधी जेवत, आणि नंतर तर मीच होते. स्वतःचं पान स्वतः वाढून घेणाऱ्या बाईवर पुरे म्हणायची वेळच येत नाही.

मी सगळं संपवलं आणि पानावर हिरवा रंग दिसला. यांनी न विचारता पुन्हा भात सोडला. माझं पोट भरलं होतं. मी हात आडवा केला नाही.