तोडलेला ताणा

मला मिठी मारायला सांगितलं तेव्हा भावाला जाऊन महिनाही झाला नव्हता.

धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये सर्वधर्म सभा होती. एसी चालू, स्टेजवर पांढरी फुलं, प्रत्येक खुर्चीवर एक मेणबत्ती. बोलणाऱ्यांपैकी कोणाच्याही घरचं माणूस त्या रंगकारखान्यात मेलं नव्हतं. बॉयलर फुटला तेव्हा माझ्या भावासकट आमच्या वस्तीतली माणसं गेली, तशी नाल्यापलीकडच्या मुसलमान वस्तीतलीही गेली. पण दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे ठरून गेलं, की चूक बॉयलरवाल्याची. तो पलीकडचा. तोही त्यातच मेला होता, पण तेवढ्यानं कोणाचं समाधान झालं नाही. माझं तर नाहीच.

"मन मोठं करा," एक बाई माईकवरून म्हणाल्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मग त्यांनी मला आणि बॉयलरवाल्याच्या आईला वर बोलावलं. फोटोवाला आधीच गुडघ्यावर बसला होता.

बॉयलरवाल्याची आई परकी असती तर सोपं होतं. मी तिला लहानपणापासून खाला म्हणत आले. बाबांचा हातमाग हा आमच्या वस्तीतला शेवटचा. मागावरचे उभे धागे, म्हणजे ताणा, संपत आला की विणकर तो पूर्ण उतरवत नाही. शेवटच्या विणलेल्या पट्टीसकट वीतभर शेपूट मागाच्या फणीत तसंच राहू देतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पिळून जोडतो. आमच्याकडे हे काम खालाचं. बोटांना चिमूटभर राख लावायची, टोकाला टोक पिळायचं, पुढचा धागा घ्यायचा. असे दोन दोन दिवस ती आमच्या घरी बसायची. तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

मी माईक घेतला. "हिच्या पोरानं माझा भाऊ मारला. मिठी तुम्ही मारा."

  हातातली न पेटवलेली मेणबत्ती स्टेजवरच्या खुर्चीवर ठेवून खाला पायऱ्या उतरून गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरी आल्या आल्या कात्री घेतली. ताण्याचं शेपूट अजून फणीत होतं, आणि नवा ताणा जोडायचा तर खालाला बोलवावं लागणार होतं. मी ते कापलं, फणीतून ओढून काढलं, त्याचा गोळा केला. आता जोडायला काही उरलंच नाही, तर ती येईल कशाला?

बाबा आत आले. गोळ्याकडे पाहिलं, मागाकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडतील.

"तुह्या भावानं विणलं होतं वं ते," बाबा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी बसे. त्याच्या हातचं तेवढंच राह्यलं होतं."

विणकराच्या घरात जन्म काढून मला हे समजू नये! त्या दिवसापासून बाबा रिकाम्या मागासमोर बसू लागले. ताटातले दोन घास खायचे, ताट सरकवायचे. मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. अख्ख्या विदर्भाच्या पेशंटांची नावं लिहिते. डॉक्टरांना विचारून बाबांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. माणूस मात्र डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

माग चालू व्हायला हवा होता. पण रिकामा माग भरायचा तर जोडून भागत नाही. प्रत्येक धागा नव्यानं फणीतून काढावा लागतो, आणि त्याला दोघं लागतात. मागून धागा देणारा एक, पुढून आकड्यानं ओढणारा एक. आमच्याकडे भाऊ द्यायचा आणि खाला ओढायची. बाबांना आता बारीक धागा दिसत नाही. मी एसटीनं उमरेडला जाऊन आले. तिथला एक म्हातारा विणकर म्हणाला, "आता कोनी नाही करत, बाई. तुमच्या नागपुरातच एक आहे म्हनतात, नाल्यापलीकडं."

गेले. खाला दारात तांदूळ निवडत होती.

"काहून आली? इथं माईक नाही."

"बाबा जेवत नाहीत. माग भरायचा आहे."

"जोडायचा म्हन."

"भरायचा. मी शेपूट कापलं."

सूप खाली आपटलं तिनं. मग जी शिवी घातली ती इथं लिहिण्यासारखी नाही. "मले बोलली ते बोलली. ताणा काहून तोडला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आली, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. "तुह्यासाठी नाही आली. तुह्या बापासाठी आली." खिडकीतल्या पालथ्या कपाकडे तिनं पाहिलं, आणि तिनं पाहिलं ते मी पाहिलं. मी आमच्या कपात चहा दिला. तो तसाच गार झाला.

दोघी मागाच्या दोन बाजूंना बसलो. मी धागा द्यायचा, तिनं ओढायचा.

"हात चालव वं. तुह्या भावाचा हात कसा झपाझप चाले."

"तो असता तर त्यानंच दिले असते."

तिचा आकडा थांबला नाही. 

दुसऱ्या दुपारी चार बोटं फणी उरली असताना तिनं धाग्यांआडून विचारलं, "तुले अजून वाटते, माह्याच पोरानं केलं?"

कारखान्याची चौकशी काही न ठरताच बंद पडली होती. "माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं याचाच मला राग आला.

"मले बी माहीत नाही." आता आकडा थांबला. "आमच्यातले लोक म्हनतात त्यानं नाही केलं. मी मान हालवते. पन त्या दिवशी तो माह्याशी भांडून गेला होता. डबा बी नेला नाही. बॉयलरजवळ उभं राहून त्याचं ध्यान कुठं होतं, कोन जाने? हे मी कोनाले बोलली नाही."

हेच तर मला हवं होतं. हेच मी त्या स्टेजवर ठणकावून सांगितलं होतं, कशाचाही पत्ता नसताना. बाहेर जाऊन एकाला जरी सांगितलं असतं, तरी संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं असतं. बाबा बाहेरच ओट्यावर होते.

"धागा दे," खाला म्हणाली.

मी दिला.

आज लिहिते आहे ते तिला विचारून. "लिही, पन नाव नको टाकू," एवढंच म्हणाली. मिठी आम्ही आजवर मारलेली नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी भरलेल्या ताण्यावरून हात फिरवला, मग जेवायला बसले आणि दुसरी भाकर मागून घेतली. म्हणाले, "दोघी काय बोलून राहिल्या होत्या वं?"

"काही नाही," मी म्हणाले. "धाग्याचंच."