तांदळातलं नाव

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं गेलं तेव्हा तेजश्रीनं ते नीट वाचलंही नव्हतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले आणि नांदूरघाटची तेजश्री माजलगावात आरोही झाली. नाव सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी निवडलेलं. त्यांना मुलगी नाही. झाली असती तर हेच ठेवलं असतं, असं त्या ज्याला-त्याला सांगत. किती वर्षं जपून ठेवलेलं नाव त्यांनी सुनेला दिलं होतं.

नवरा आदिनाथ कामाला चपळ. नवं नाव गॅझेटात छापून झालं, आधारवर झालं, बँकेत झालं. सून अजून घरात रुळली नाही, पण कागदं रुळली, अशी थट्टा सासरे बबनरावांनी केली.

बीएस्सीची दोन वर्षं तिची माहेरी झाली होती. तिसरं सासरी राहून करील, असा शब्द बबनरावांनी बैठकीतच दिला होता. म्हणून जूनमध्ये ती इथल्या कॉलेजात गेली. विद्यार्थ्यांना विषय निवडून द्यायला, सल्ला द्यायला रामेश्वर सर नेमलेले. त्यांनी दोन्ही कॉलेजांचे विषय शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. एक पेपर जुळत नव्हता, तो नव्यानं द्यावा लागणार. बाकीच्या पास झालेल्या पेपरांची क्रेडिटं जशीच्या तशी इकडे येतील म्हणाले. तिला हायसं वाटलं. मग त्यांनी कॉम्प्युटरवर तिचं क्रेडिटचं खातं उघडलं आणि थबकले.

"ही तेजश्री कोण?"

"मीच, सर."

खातं तेजश्रीचं, आधार आरोहीचं. दोन्ही जुळल्याशिवाय क्रेडिटं हलणार नव्हती. सरांनी तिच्यादेखत दोन-तीन ठिकाणी फोन लावले. मग चष्मा पुसत सांगितलं, की दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं नव्या नावावर करायची तर त्यात हे वर्ष जाईल, कदाचित पुढचंही. नाहीतर आधारवर जुनं नाव परत घ्यायचं. फक्त एक होतं. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं. एकदा बदलून झालं होतं.

"मला सल्ला द्यायलाच बसवलंय, बेटा," सर म्हणाले, "पण हा सल्ला तुझ्या घरातला आहे. तो मी कसा देऊ?"

आदिनाथ आधी हसला. परत आधार बदललं तर लोक म्हणतील यानं बायकोच बदलली. मग दोनदाचं कळलं, म्हणजे आता जुनं नाव घेतलं की आधारवर आरोही पुन्हा कधीच येणार नाही. आईला काय सांगायचं, एवढंच त्याला दिसत होतं. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. पुढच्या वर्षी बघू म्हणून बसलेल्या मैत्रिणी तेजश्रीला ठाऊक होत्या. त्यांच्यातली एकही परत कॉलेजात दिसली नव्हती. आणि प्रवेश तर शनिवारी बंद होणार होता.

शेवटी तिनंच सांगितलं. सुभद्राबाई पेरणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. तिनं समोर बसून सूप ओढलं आणि शेंगा फोडता फोडता सगळं उलगडून सांगितलं.

"कावून? म्या दिलेलं नाव वंगाळ हाय का?"

"न्हाई आत्या. लई गोड हाय. पण माझा अभ्यास त्या नावानं झालाय."

सुभद्राबाईंनी मुठीतले दाणे चाळले, किडका होता तो बाजूला टाकला.

"मग घे तुझं नाव. ह्यांनी शब्द दिलाय, त्यो मोडायचा न्हाई."

दोघी सगळं पोतं संपेपर्यंत शेंगा फोडत बसल्या.

आदिनाथ आधार केंद्रावर सोबत आला. नाव बदललं, क्रेडिटं आली. शनिवारी सरांनी तिला स्क्रीनवर ती दाखवली, आणि न जुळणारा पेपर पहिल्याच सत्रात उरकून टाक, असं बजावलं. ती पेढे घेऊन घरी आली. सुभद्राबाईंनी एक पेढा देवापुढं ठेवला, दुसरा तिच्याच हातावर.

आता तिचं कॉलेज सुरू आहे. सकाळचा डबा सासूबाईच भरतात, तिला वेळ होऊ देत नाहीत. पण त्या दिवसापासून त्या तिला कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत. "अगं ए, डबा घे," म्हणतात. शेजारीण आली तर "आमची सून" म्हणतात.

डबा घेताना ती उंबऱ्यात क्षणभर रेंगाळते. आरोही म्हणून हाक आली असती, तर तिनं लगेच ओ दिली असती.