तिसरा खड्डा

मातीमामांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही जरा आठवूनच सांगावं लागायचं. कुणी घर बांधायला काढलं की आधी मामांना गाठायचं. मामा प्लॉटच्या तीन कोपऱ्यांत तीन खड्डे काढायला लावत, प्रत्येकात स्वतः उतरत आणि ओली माती तळहातांवर वळून तिची सुतळी करत. सुतळी न तुटता लांबली की त्यांचं तोंड वाकडं. "ही बया पाणी प्यायली की फुगणार, उन्हात आक्रसणार. काढा हिला." मग एका कागदावर लिहून द्यायचे : काळी माती किती खोल काढायची, मुरूम किती थरांत ठोकून बसवायचा, वर स्लॅब किती जाड, गज किती अंतरावर. तीस वर्षांत त्या कागदाला कुणी उलट विचारलं नव्हतं.

सख्ख्या भाचीच्या प्लॉटवर मात्र तिसऱ्या कोपऱ्यात खडीचा ढीग होता. ट्रकवाला घाईत ओतून गेलेला. तो हलवायचा म्हणजे अर्धा दिवस, आणि ऊन तर टाळूत उतरलेलं. तेवढ्यात भाची चहा घेऊन आली.

"मामा, तुम्हाला खड्डा कशाला हवा? तुम्ही नुसतं बघितलं तरी माती बोलते."

मामा फुगले. काळ्या मातीनं लाजावं इतके. कागदावर लिहून टाकलं : तिसरा खड्डा, वरीलप्रमाणेच. दोन फूट काळी माती, खाली मुरूम.

पाया काढताना गवंडी मामांच्या घरी आला होता. हा गवंडी मामांच्याच वयाचा, मोजकं बोलणारा. म्हणाला, "मामा, त्या कोपऱ्यात दोन फुटांखालीही काळीच लागतेय. अजून उतरू का?"

"कागद वाचता येतो ना? मग मला माती शिकवू नकोस."

गवंडी गेला. कागदात होतं तेवढंच त्यानं केलं.

दोन वर्षांत त्या कोपऱ्यातलं न्हाणीघर वर उचललं गेलं. दार लागेना, आणि फरशीतून निघालेली भेग स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत गेली. भाचीनं गवंड्याला भर गल्लीत उभं केलं. "सिमेंट खाल्लंस माझं! मामा, तुम्हीच सांगा याला."

गवंड्यानं मामांकडे फक्त बघितलं. मामा भेगेत बोट घालत म्हणाले, "बघावं लागेल." आणि चप्पल शोधायला लागले.

त्यानंतर गवंड्याला कुणी कामावर बोलवेना. मामांना जेवण जाईना. बायको म्हणाली, "काय गिळून बसलात? ओका एकदाचं." मामांनी तिलाही सांगितलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी ते कुदळ घेऊन भाचीच्या न्हाणीघराबाहेर खणायला बसले. गवंडी रस्त्यानं चालला होता. थांबला. मामांना धाप लागलेली बघून त्यानं त्यांच्या हातातली कुदळ घेतली. तीन फूट, काळी. चार फूट, काळीच, चिकट. छातीएवढं खोल गेल्यावर कुठं मुरूम लागला. मामांनी चिमूटभर माती वळली. सुतळी वीतभर लांबली, तरी तुटली नाही.

भाची बाहेर आली. "हे काय चाललंय?"

"तिसरा खड्डा," मामा म्हणाले.

"तो तर तेव्हाच काढला होता. कागदावर आहे की."

"लिहिला होता. काढला नव्हता." मामांना मान वर करवेना. "यानं विचारलंही होतं मला. मीच हाकलला. यानं एक चिमूट सिमेंट खाल्लेलं नाही."

भाचीनं खड्ड्यात वाकून बघितलं. मग "मामा..." एवढंच म्हणून आत गेली आणि न्हाणीघराचं दार लावायला लागली. ते लागेना. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा तसंच सोडलं.

मामांनी गवंड्यापुढे हात जोडले. त्यानं ते खाली केले नाहीत, धरलेही नाहीत. हाताची माती झटकत म्हणाला, "इथं सांगून माझं काय होणार? माझं नाव सिमेंटच्या दुकानात गेलंय. तिथं सांगा."

सिमेंटच्या दुकानात सकाळी सगळे ठेकेदार आणि मिस्त्री जमतात. मामांना बघितल्यावर दुकानदारानं नेहमीसारखी खुर्ची पुसून पुढे सरकवली. "या, मामा! बसा. चहा सांगू?"

"नको," मामा म्हणाले. "आधी ऐका. मग बसवायचं का ते ठरवा."

गवंडी दारात उभा होता. मामांच्या नखांत अजून काळी माती होती. ती अंगठ्यानं काढत काढत त्यांनी बोलायला सुरुवात केली.